शाकभोजन, आरोग्य आणि ख्रिस्ती मनुष्याची मोकळीक

महागांव तालुक्यांतील फुलसावंगीच्या बाजूस सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूंकडून आम्हांकडे एक प्रश्न आला आहे. डॉक्टरांनीं त्यांस मधुमेह असल्याचें सांगितलें, आणि औषधाबरोबर असाहि सल्ला दिला कीं, मांस व तळलेले पदार्थ कमी करून भाकरी, डाळी, कडधान्यें व पालेभाज्या यांवर राहावें, म्हणजे पुढील आयुष्य बरें जाईल. बंधूंनीं तसें आरंभिलें. तेव्हां मंडळींतील एका वडील माणसानें विचारलें, "काय मास्तर, माळकरी झालां काय?" दुसरा म्हणाला, "बापजाद्यांच्या खाण्याची लाज वाटूं लागली असेल." उलट गांवांतील एका प्रतिष्ठित गृहस्थानें त्यांची पाठ थोपटून म्हटलें, "आतां तुम्ही आमच्यासारखे शुद्ध झालां." बंधु लिहितात कीं, पहिल्या दोन बोलण्यांपेक्षां हें तिसरें मला अधिक बोचलें, परंतु त्यास काय उत्तर द्यावें हें सुचलें नाहीं. शाकभोजन करणें हा ख्रिस्ती मनुष्याचा धर्म आहे काय? आणि नसेल, तर केवळ अधिक वर्षें जगावें म्हणून आपलें ताट बदलणें विश्वासणाऱ्यास शोभतें काय? असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या देशांत अन्नाचा प्रश्न केवळ पोटाचा कधींच नव्हता. कोण काय खातो यावरून तो कोण, त्यानें कोठें बसावें, कोणत्या विहिरीवर पाणी भरावें, हें गांव ठरवीत आलें. म्हणून शाकभोजनाविषयीं कोणी बोलूं लागला कीं तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच मडक्यांत शिजूं लागतात. एक विटाळाची, दुसरी प्राण्यांवरील दयेची, तिसरी आरोग्याची. ह्या तिहींस वेगळें केल्यावांचून बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर सांपडणार नाहीं.

प्रथम विटाळ. ज्यांच्या गळ्यांत मेलेलें ढोर ओढण्याचें काम गांवानें बांधिलें, त्यांच्याच वांट्यास तें मांस आलें. आणि मग त्याच मांसावरून त्यांस हलकें ठरविण्यांत आलें. ही गोष्ट आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांस कोणी सांगावयास नको. इ. स. १९२७ च्या मार्च महिन्यांत महाड येथें भरलेल्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या लोकांस मृत जनावरांचें मांस सोडून देण्यास सांगितलें. तें सांगणें वरिष्ठ म्हणविणाऱ्यांची मर्जी संपादन करण्यासाठीं नव्हतें. आपलें माणूसपण आपणच राखावें, दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगूं नये, यासाठीं होतें. येथें विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, तेंच मांस त्याच दिवशीं एखादा मनुष्य "आतां तरी मला वरच्या पंक्तीस घ्या" म्हणून सोडील, आणि दुसरा "मी कोणाच्या पंक्तीची वाट पाहत नाहीं" म्हणून सोडील. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांचें ताट सारखेंच दिसतें. कृत्य एक, परंतु एकानें मान खालीं घातली व दुसऱ्यानें वर केली.

आमच्या प्रभूनें मार्काच्या सातव्या अध्यायांत हा विटाळाचा गड पाडून टाकिला. बाहेरून आंत जाणारें अन्न पोटांत जातें, अंतःकरणांत नव्हे. माणसास भ्रष्ट करणारें जें तें त्याच्या अंतःकरणांतूनच निघतें, असें त्यानें शिष्यांस समजाविलें. पेत्राला यापो येथें छपरावर दृष्टांत झाला तोहि ह्याच अर्थाचा. आणि पेत्र चतुर होता म्हणून त्याला लवकरच कळलें कीं गोष्ट जनावरांची नसून माणसांची आहे. तेव्हां त्या प्रतिष्ठित गृहस्थांस आमच्या बंधूंनीं नम्रपणें, पण स्पष्ट असें सांगावें कीं, "दादासाहेब, मी काल अशुद्ध नव्हतों आणि आज शुद्ध झालों नाहीं. मला साखरेचा आजार आहे."

येथें कोणी म्हणेल, मग ज्या ख्रिस्ती मनुष्यानें शाकभोजन धरिलें त्याच्या मनांत जातीचा थोडासा तरी अंश उरलाच असला पाहिजे. असा संशय पूर्वींहि घेण्यांत आला आहे, आणि तोहि एका फार थोर बाईंविषयीं. पंडिता रमाबाई इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत गेल्या, वाँटेज येथील धर्मभगिनींच्या घरीं राहिल्या, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी मांस, मासे, अंडीं यांस त्यांनीं स्पर्श केला नाहीं. थंड देश, परकें घर, आग्रह करणारे लोक, तरीहि त्या ढळल्या नाहींत. भगिनी जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता; त्यांस व इतर हितचिंतकांस वाटूं लागलें कीं ही जातीची घमेंड अजून गेली नाहीं. रमाबाईंनीं पत्रांतून दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, एखादी इंग्रज स्त्री हिंदुस्थानांत येऊन राहिली आणि जी चाल कोणास अपाय करीत नाहीं अशी आपली चाल तिनें सोडिली नाहीं, तर तिला कोणी दुराग्रही म्हणेल काय? आमच्या मतें हें उत्तर पुरेसें आहे. ख्रिस्ती होणें म्हणजे साहेबाचें ताट घेणें नव्हे. ज्या बाईनें पुढें दुष्काळांतील सर्व जातींच्या मुली पोटाशीं धरिल्या, तिच्या शाकभोजनांत जात शोधणें हें शोधणाऱ्याच्याच नजरेविषयीं कांहीं सांगतें.

म्हणजे खाणारा शुद्ध नाहीं कीं अशुद्ध नाहीं, आणि न खाणाराहि तसाच. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायांत पौलानें हेंच सांगितलें. तेथेंहि कोणी केवळ शाकभाजी खात होते, कोणी सर्व कांहीं खात होते. एक दुसऱ्यास तुच्छ मानीत होता व दुसरा पहिल्यास दोषी ठरवीत होता. पौल त्या भांडणांत कोणाचें ताट बरें हें सांगत बसला नाहीं. दोघांचाहि धनी एकच आहे, त्याच्या चाकराचा न्याय करणारा तूं कोण, एवढेंच त्यानें विचारलें. हा प्रश्न आमच्या मंडळींतील त्या दोघां वडील बंधूंसहि लागू आहे, हें त्यांनीं राग न धरितां ध्यानांत घ्यावें.

प्राण्यांवरील दयेविषयीं थोडक्यांत लिहितों. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत देवानें मनुष्यास बीज देणाऱ्या वनस्पति व फळें अन्न म्हणून दिलीं, आणि मांसाची परवानगी जलप्रलयानंतर नवव्या अध्यायांत आली. यावरून कित्येक भक्तजनांस वाटतें कीं मूळ हेतु रक्त न सांडण्याचाच होता. अशा बंधुभगिनींची विवेकबुद्धि आम्ही मान्य करितों. परंतु तिचा कायदा करितां येत नाहीं, कारण स्वतः प्रभूनें वल्हांडणाचें भोजन केलें, आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांदेखत भाजलेला मासा खाल्ला. दानीएलाचें उदाहरण वारंवार पुढें करण्यांत येतें, कीं तो व त्याचे सोबती दहा दिवस डाळ व पाणी यांवर राहिले आणि राजाचें अन्न खाणाऱ्यांपेक्षां टवटवीत दिसले. तें खरेंच, पण दानीएलानें डाळ घेतली ती प्रकृतीसाठीं नव्हे, तर राजाच्या पक्वान्नांनीं आपण विटाळूं नये म्हणून. त्याच पुस्तकाचा दहावा अध्याय काढून पाहा. तेथें तो शोकांत तीन सप्तकें मांस खात नाहीं असें लिहिलें आहे. ह्याचा अर्थ उघड आहे कीं इतर वेळीं तो खात असे. एका अध्यायावरून उपदेश करणाऱ्यांनीं दुसरा अध्याय वाचावा, ही विनंति.

आतां आरोग्य, आणि हाच खरा प्रश्न. अधिक वर्षें जगण्यासाठीं ताट बदलणें विश्वासणाऱ्यास शोभतें काय? कोणी म्हणतील, काय खावें व काय प्यावें याची चिंता करूं नका असें प्रभूनें डोंगरावर सांगितलें आहे. आणि आपले दिवस त्याच्या हातीं आहेत, मग भाकरीनें ते कसे वाढतील? ह्या बोलण्यांत भक्तीचा रंग आहे, परंतु तें बहुधा भक्तीतून निघत नाहीं. सवय सोडवत नाहीं म्हणून मनुष्य शास्त्राचा आधार शोधतो. प्रभूनें चिंतेचा निषेध केला, विचाराचा नव्हे. पौलानें तीमथ्याला त्याच्या पोटासाठीं व वारंवार येणाऱ्या दुखण्यासाठीं काय घ्यावें हें पत्रांत लिहिलें. ज्या पत्रांत मंडळीचे वडील कसे असावे हें आहे त्याच पत्रांत हेंहि आहे, आणि प्रेषितास तें लिहितांना कमीपणा वाटला नाहीं.

शिवाय शरीर माझें, मी हवें तें करीन, असें म्हणण्याची सोय आम्हांस नाहीं. तें मोल देऊन घेतलेलें आहे. हें सत्य आम्ही व्यभिचाराविषयीं व दारूविषयीं सांगतों, जेवणाविषयीं मात्र सहसा सांगत नाहीं. पण मधुमेहानें पाय काढावा लागला, डोळे गेले, मूत्रपिंडें निकामीं होऊन आठवड्यांतून दोनदां तीनदां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यास यवतमाळास किंवा नांदेडास जाण्याची पाळी आली, तर त्याचा भार कोण वाहतो? बैल विकला जातो. मुलीचें शिक्षण थांबतें. बायको रोजावर जाते आणि संध्याकाळीं घरीं येऊन नवऱ्याचा पाय धुऊन पट्टी बांधते. बहुधा जो खातो तो एकटाच फळ भोगीत नाहीं. म्हणून आरोग्य राखणें हें दीर्घायुष्याच्या लोभासाठीं नव्हे, तर आपल्या माणसांचें जें देणें आपल्यावर आहे त्यासाठीं. ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे ताट बदलणारा उपदेशक स्वार्थी नसून प्रामाणिक कारभारी आहे, असें आम्हांस वाटतें.

तरी ह्या गोष्टीस एक मर्यादा आहे. आरोग्याचाहि देव होऊं शकतो. जो मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत आपली नाडी व आपला घांस मोजीत बसतो, त्याला शेजाऱ्याच्या दारीं जाण्यास वेळ उरत नाहीं. आणि अमुक खाल्लें म्हणजे रोग येणारच नाहीं, असें वचन देण्याचा अधिकार कोणास नाहीं. रमाबाई जन्मभर शाकभोजन करीत असतांहि इ. स. १९२२ च्या एप्रिलांत, चौसष्ट वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच, प्रभूकडे गेल्या. म्हणून मंडळींत कोणी आजारी पडला तर "ह्यानें काय काय खाल्लें असेल" असें कुजबुजणें हें ईयोबाच्या मित्रांचें काम होय. तें आम्हीं करूं नये.

ह्या विषयांत विद्वानांनीं काय शोधलें आहे? अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं लोमा लिंडा येथें सेव्हंथ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीचें विद्यापीठ आहे. शब्बाथाविषयीं त्या बंधूंशीं आमचा मतभेद आहे, परंतु आहाराविषयीं त्यांनीं जगास मोठी माहिती मिळवून दिली हें मान्य केलें पाहिजे. त्यांपैकीं पुष्कळजण मांस खात नाहींत, कांहीं खातात. तंबाखू व दारू मात्र बहुतेक कोणीच घेत नाहीं, म्हणून तुलना करणें सोपें जातें. सुमारें ७३,००० लोकांची जी पाहणी इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत शाकभोजन करणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांपेक्षां १२ टक्के कमी आढळलें. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या विद्वानांनीं ४८,००० हून अधिक लोकांवर अठरा वर्षें नजर ठेवून इ. स. २०१९ मध्यें लिहिलें कीं, शाकाहारी लोकांस हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा विकार २२ टक्के कमी झाला. परंतु पक्षाघात मात्र २० टक्के अधिक झाला. हा दुसरा आंकडा सांगण्यास शाकाहाराचे पुरस्कर्ते विसरतात, म्हणून येथें मुद्दाम दिला आहे. कारण असें दिसतें कीं डाळी, पाला, फळें व भरड धान्य यांतील चोथा पोट भरतो, रक्तांतील साखर हळूहळू चढूं देतो व चरबी कमी ठेवितो. उलट मांसाची जड चरबी व मीठ घालून टिकविलेलें मांस यांनीं अपाय होतो. टिकविलेल्या मांसानें कर्करोग होतो असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें इ. स. २०१५ मध्यें ठरविलें. तसलें डबाबंद मांस आमच्या गांवच्या बाजारांत कोणी विकत नाहीं, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं.

आमच्या वाचकांस अधिक उपयोगी असें संशोधन पुण्यांतच झालें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. याज्ञिक व त्यांचे सोबती यांनीं खेड्यांतील, झोपडपट्टींतील व शहरांतील मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचें रक्त तपासलें. इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत शेंकडा ६७ जणांत ब-१२ नांवाचें जीवनसत्त्व कमी निघालें, आणि शाकाहारी लोकांत ही उणीव विशेष होती. हें जीवनसत्त्व कोणत्याहि भाजींत किंवा धान्यांत नसतें. दूध, दहीं, अंडीं, मासे, मांस यांतच असतें. तें कमी पडलें म्हणजे हातापायांस मुंग्या येतात, थकवा येतो, विसर पडतो. तेव्हां जो कोणी मांस सोडील त्यानें दूध-दहीं तरी सोडूं नये, आणि तेंहि परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यांत विचारून गोळी घ्यावी. गोळी घेणें म्हणजे विश्वास कमी असणें नव्हे. याच डॉक्टरांनीं हेंहि दाखविलें कीं आमच्या देशांतील मनुष्य अंगानें बारीक दिसला तरी त्याच्या पोटांत चरबी लपलेली असते, म्हणून "मी तर काडीसारखा, मला कसली साखर?" ह्या भरंवशावर कोणी राहूं नये. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे.

येथें आम्हांस एक गोष्ट निर्भीडपणें सांगावीशी वाटते. आमच्या गरीब मंडळ्यांत रोज मांस खातो कोण? आठ-पंधरा दिवसांनीं रविवारीं कोंबडी, नाताळास किंवा लग्नास बकरें, एवढाच तो विषय. अमेरिकेंतील मनुष्य जेवढें मांस खातो तेवढें आमच्या घरीं येत नाहीं. तेव्हां आमच्या लोकांचा घात बहुधा बकऱ्यानें होत नाहीं. तो वनस्पतींनींच होतो! साखर वनस्पतीचीच आहे, आणि दिवसांतून पांच वेळ चहांतून पोटांत जाते. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ, मैद्याचीं बिस्किटें, एकाच तेलांत पुन्हां पुन्हां तळलेलीं भजीं, हीं सर्व शुद्ध शाकाहारी आहेत. आणि ज्या खर्ऱ्यानें आमच्या जिल्ह्यांतील तरुणांचीं तोंडें उघडेनाशीं झालीं, त्यांत सुपारी व तंबाखू, म्हणजे एक फळ व एक पान; मोहाची दारू तर फुलापासून होते. शाकाहारी झालों म्हणून निरोगी झालों असें ज्यांस वाटतें, त्यांनीं खर्ऱ्याची पुडी हातांत घेऊन विचार करावा.

म्हणून आमच्या मंडळीस "मांस सोडा" हा उपदेश फारसा लागू नाहीं. जें ताटांतून गेलें तें परत आणा, हा लागू आहे. पैनगंगेच्या ह्या खोऱ्यांत काळी जमीन आहे. एके काळीं येथें ज्वारी हें पोटाचें धान्य होतें. कपाशीच्या ओळींमधून तूर, धुऱ्याच्या बाजूनें अंबाडी, कोठें मूग, कोठें उडीद, कोठें जवस व तीळ असें मिश्र पीक निघे. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, तुरीचें वरण व ज्वारीची भाकरी हें गरिबाचें जेवण होतें, आणि आजचे आहारशास्त्री ज्याची शिफारस करितात तें बरोबर हेंच. आतां शेतांत कापूस व सोयाबीन हीं दोन पिकें राज्य करितात, आणि दोन्हीं शेतांतून थेट ताटांत येत नाहींत, आडत्याकडे जातात. रेशनांत गहूं व तांदूळ मिळतो, इ. स. २०२३ च्या जानेवारीपासून तर पैसे न देतां मिळतो, आणि त्यानें भूक भागते याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु त्यामुळें ज्वारी विकत घेणें महाग वाटूं लागलें आहे. संयुक्त राष्ट्रांनीं इ. स. २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. मोठ्या शहरांत ज्वारीचे पदार्थ सुंदर पुड्यांत घालून दामदुपटीनें विकले जातात, आणि ज्या गांवीं ती पिकत असे तेथें ती मिळत नाहीं. ह्यास काय म्हणावें?

शेतांतील अन्न रक्तावांचून येतें असेंहि कोणी समजूं नये. इ. स. २०१७ मध्यें आमच्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व मजूर मेले. त्याच कपाशीच्या सरकीचें तेल काढतात व लोक तें खातात. दयेची गोष्ट बोलणाऱ्यांनीं बकऱ्याबरोबर त्या फवारणाऱ्या मजुराचीहि आठवण ठेवावी.

आणखी एक विषय आहे, तो लेंकरांचा. सुखवस्तु मनुष्यानें आपलें ताट आपण हलकें केलें तर तो संयम. पण दुसऱ्याच्या भुकेल्या मुलाचें ताट आपल्या मताप्रमाणें हलकें करणें हा संयम नव्हे. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२३ च्या नोव्हेंबरांत शाळेंतील दुपारच्या जेवणांत मुलांस आठवड्यांतून एक अंडें, व न खाणाऱ्यांस केळें, देण्याचें ठरविलें होतें, इ. स. २०२५ च्या जानेवारींत अंड्यासाठीं मिळणारा सरकारी पैसा बंद करण्यांत आला. आम्हांस ह्याचें वाईट वाटतें. महाराष्ट्रांत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आहे असें सरकारी पाहणीच सांगते. गर्भवती, अंगावर पाजणारी आई, व वाढतें मूल यांस अंडें किंवा मासा मिळत असेल तर कोणत्याहि उपदेशकानें त्यांस तो वर्ज्य सांगूं नये. जे भाजीवरच राहतात त्यांनीं पालेभाजीवर लिंबू पिळावें, आंवळा खावा, म्हणजे भाजींतील लोह अंगीं लागतें. आणि जेवणावर लगेच चहा पिऊं नये, त्यानें तें वायां जातें.

मधुमेही बंधूंस एवढेंच सांगणें कीं, भाकरी ज्वारीची झाली म्हणून ती कितीहि खावी असें नाहीं, आणि डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध बंद करूं नये.

आतां पंक्तीचा प्रश्न राहिला. नाताळच्या जेवणास बकरें असावें कीं नसावें, यावरून कित्येक ठिकाणीं वाद होतात. आमचें मत असें कीं एकाच पंक्तींत दोन्हीं भांडीं फिरावीं. भाजीवाल्यांची पंगत वेगळी मांडूं नये. वेगळी पंगत हा ह्या देशांत फार जुना रोग आहे, आणि तो आरोग्याच्या नांवानेंहि परत येऊं शकतो. डाळ-भाजीचें भांडें मात्र मागाहून उरलेलें म्हणून नव्हे, तर आरंभीं व भरपूर वाढावें. खर्च वांचेल त्यांतून मंडळींतील विधवांच्या घरीं तूरडाळ पोंचवितां येईल. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं वेदीपुढें लोक धान्य आणितात, तेव्हां सोयाबीनचें पोतें विकून पैसे आणण्यापेक्षां पायलीभर ज्वारी, मूग, जवस आणण्यास सांगितलें तर शेतांत त्यांच्या दोन ओळी तरी पेरल्या जातील. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं विहिरी खणून जमीन लागवडीस आणिली. उपासना व भाजीचा वाफा यांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

कोणी विचारील, पाळक तांड्यावर किंवा वाडींत भेटीस गेला, आणि एखाद्या म्हातारीनें आपल्या तीन कोंबड्यांतील एक कापून ठेविली, तर त्यानें काय करावें? लूकाच्या दहाव्या अध्यायांत प्रभूनें सत्तर जणांस पाठवितांना जें पुढें वाढलें जाईल तें खा असें सांगितलें. ती कोंबडी त्या घरांतील सर्वांत मोलाची वस्तु होती. ज्याची विवेकबुद्धि परवानगी देते त्यानें दोन घांस खावे, आभार मानावे, आणि घरीं येऊन दुसऱ्या दिवशीं भाकरी-भाजी खावी. एका जेवणानें प्रकृति बिघडत नाहीं. ज्याची विवेकबुद्धि परवानगी देत नाहीं त्यानें भेटीचा दिवस ठरवितांना आधींच निरोप पाठवावा कीं, "आजीबाई, मला तुमच्या हातची अंबाडीची भाजी पाहिजे." म्हणजे तिची कोंबडीहि राहील व मानहि राहील.

पावसाळा लागतांच बांधाला व रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. त्याचा कोवळा पाला आमच्या आया निवडून आणीत असत, तो आतां मुलें ओळखीतहि नाहींत. रविवारच्या शाळेंतील शिक्षकांनीं एखाद्या शनिवारीं मुलांस घेऊन वडील बायांबरोबर तो खुडण्यास जावें. ज्या बंधूंच्या घरापुढें हातभर जागा आहे त्यांनीं मृग लागतांच शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी तोडून कुंपणांत रोवावी. पाणी साचूं दिलें नाहीं तर ती सहज जगते, आणि शेंगांची वाट न पाहतां त्याच हंगामांत तिचा पाला वरणांत घालितां येतो.